पाचवी मूठ

आमच्या चर्चमध्ये माझ्याइतका मोठा आमेन कुणाचाच नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या बाकावरून मी आमेन म्हटलं की पत्र्यावरची कबुतरं उडतात ती थेट गोदावरीच्या पुलावर जाऊन बसतात. तिकडे परतूरच्या स्टेशनात उभी असलेली गाडी, गार्डाची शिट्टी झाली असं समजून निघून जाते, असंही लोक म्हणतात. लोक म्हणजे मी. पण ऐकणारे मान डोलावतात, म्हणजे त्यांनीही म्हटल्यासारखंच झालं.

तर अशा आमेनच्या धन्याला, वडीगोद्रीच्या हायवेवर स्वतःचं पंक्चरचं दुकान असलेल्या, आजोबांपासून ख्रिस्ती असलेल्या माणसाला, आपल्या बायकोच्या प्रार्थनेचा हेवा का वाटावा? पण वाटला. पोटात ट्यूब चिकटवायचं सोल्युशन ओतून वर काडी लावावी, तसा वाटला.

सुरुवात हसण्यापासून झाली.

माझी बायको कोंबड्याच्या आधी उठते. शेजारचा कोंबडा तिच्या स्वयंपाकघरातला दिवा बघून मग गळा साफ करतो. उठली की ती तोंड धुते, ओट्याखाली पोतं अंथरून गुडघ्यावर बसते, पदर डोक्यावर घेते आणि प्रभूशी बोलते. घरात कुणी आजारी असो, पाव्हणे असोत, लाईट गेलेली असो, त्यात खंड नाही. इतकी वर्षं मी ते धरूनच चाललो होतो. नळाला पाणी येतं, तशी पहाटे बायको प्रार्थना करते. एका पहाटे मी मोरीकडे चाललो होतो आणि पडद्याआडून हसण्याचा आवाज आला.

साधं हसणं नव्हे. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही बाहेर सांडणारं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती तशी हसायची. पडदा बाजूला करून पाहिलं तर आत कुणी नाही. परात, पिठाचा डबा, डोळे मिटलेली बायको आणि प्रभू.

आता माझी बाजू ऐका. रोज रात्री जेवताना या बाईला हसवायला मी काय काय सांगतो! जॅक घसरला तेव्हा उसाने भरलेला ट्रक मी खांद्यावर कसा पेलला आणि ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत तसाच कसा उभा राहिलो. खरं विचाराल तर जॅक घसरला होता, ट्रकही होता आणि खांदाही होता. फक्त तिन्ही एका जागी नव्हते. पडक्या विहिरीत उडी मारून म्हैस पाठीवर घेऊन मी वर कसा आलो. धाब्यामागे चार चाकूवाले आले आणि मी टायर उघडायच्या लोखंडी पट्टीवर त्यांना कसं नाचवलं. मी घाम गाळून सांगतो. माझी आई खाटेवरून, "खोटं बोल पण रेटून बोल," म्हणून दाद तरी देते. बायको "हूं" म्हणते आणि मिरच्यांची देठं खुडत राहते.

आणि ही बाई पहाटे प्रभूपाशी पोट धरून हसते!

"कशाला हसत व्हतीस?" मी चहाला विचारलं.

"बोलून राह्यले व्हते."

"कुणाशी?"

"पहाटं ज्याच्याशी बोलतात त्याच्याशी."

"मंग असं काय सांगतो तो, हसण्यासारखं?"

"तो कुठं सांगतो? मीच सांगते."

"काय सांगतेस?"

"तुम्ही आंघोळीला जा. पाणी निवतंय."

खाटेवरून आई म्हणाली, "जळून राह्यला व्हय रे? तुझा बाप शेजाऱ्याच्या बैलावर जळायचा. प्रभूवर जळणारा तूच पहिला."

मी म्हटलं, मी बिलकुल जळत नाही. आणि चहा इतका गरम प्यालो की जीभ पुढे आठवडाभर नवसाच्या बोकडासारखी बाहेर राहिली.

त्यानंतर माझे कान आणि डोळे दोन्ही स्वयंपाकघराकडे लागले. आणि डोळ्यांना जे दिसलं ते कानांपेक्षा वाईट निघालं.

आमच्यात मुठीची रीत आहे. भाकरीचं पीठ परातीत घेतलं की पाणी पडायच्या आधी त्यातून एकेकाच्या नावानं मूठ काढायची, मनात त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि मूठ एका वेगळ्या डब्यात ठेवायची; रात्री तो डबा पिशवीत रिकामा करायचा. स्वतःच्या नावाची मूठ स्वतः काढायची नाही. रविवारी ती पिशवी चर्चमध्ये जाते आणि ज्याच्या घरी चूल अडली असेल त्याच्याकडे पाळकसाहेब ते पीठ पोचवतात. नियम आणखी एक. घरच्यांखेरीज आणखी कुणाची मूठ काढली तर त्याचं नाव बोलून दाखवायचं नाही. बोललं की मूठ रिकामी झाली, असं जुन्या बाया म्हणतात.

गिरणीतून ताजं आलेलं ज्वारीचं पीठ मुठीत दाबलं की गोळा होतो. डब्यात अलगद ठेवला तर सशाच्या पिलासारखा बसून राहतो आणि वर बोटांच्या खुणा दिसतात. बायको दुधाला गेली तेव्हा मी डब्यात डोकावलो. घरची माणसं चार. आई, संभाजीनगरला कंपनीत असलेला मुलगा, जालन्याला नर्सिंग शिकणारी मुलगी आणि मी. पिलं पाच होती. पाचवं सगळ्यांत मोठं, गच्च, फुगलेलं. आमची चौघांची त्याच्यापुढे कुपोषित दिसत होती.

"माय," मी आईला विचारलं, "ही पाचवी मूठ कुणाची?"

"बोलून दाखवायचं नसतं."

"आगं, पण माझ्यापेक्षा मोठी कशी?"

"मोठ्या माणसाची असंल," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचे खांदे हलत होते. म्हातारपणी थंडी वाजते, असं मी समजलो.

त्या दिवसापासून माझं जेवण गोड लागेना. कोण असेल हा? पाळकसाहेब? पण ते कवळी काढून रुमालात ठेवतात आणि मग प्रवचन करतात; त्यांच्यावर जळायला माणूस फारच रिकामा हवा. तिचा भोकरदनचा भाऊ? त्याला गच्च मूठ मिळावी असं त्यानं आयुष्यात काहीही केलेलं नाही. मग राहिला एकच. आमच्या चर्चचा पेटीवाला.

पेटीवाला म्हणजे शेजारच्या गावच्या शाळेतला मास्तर. वय माझ्याहून कमी, केस माझ्याहून जास्त. आवाज असा की गाणं सुरू केलं की बायांच्या बाजूच्या पोरी पेंगायच्या थांबतात. पेटी वाजवताना डोळे मिटतो आणि मान एका बाजूला टाकतो. मीही एकदा आरशासमोर तशी मान टाकून पाहिली. आई म्हणाली, "लचक भरली का रे?"

त्या रविवारी साक्षीची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली आणि नेमका हाच उठला. हायवेवर त्याची मोटरसायकल घसरली होती, मागून कंटेनर येत होता आणि तो खरचटण्यावर वाचला होता. तो म्हणाला, "बंधू-भगिनींनो, मी माझ्या जोरावर न्हाई वाचलो. कुणाच्या तरी मुठीत माझं नाव व्हतं. कोण ते मला ठाऊक न्हाई. पण ज्यानं ती मूठ घातली, त्याचा हात प्रभू कधी रिकामा ठेवणार न्हाई."

सगळं चर्च म्हणालं, "आमेन." मी मुद्दाम म्हटला नाही. मी गप्प आहे म्हणून कबुतरं कधी नव्हे ती शेवटपर्यंत बसून राहिली. आणि बायांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, माझी बायको पदराने डोळे पुसत होती.

झालं! माझ्या डोक्यात पेटीचे सगळे सूर एकदम वाजले.

घरी आल्यावर मी ठरवलं, आपणही काही कमी नाही. ती प्रार्थना करते? मी तिच्या दुप्पट करीन. शुक्रवारचा उपास धरला आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही असं दिसल्यावर सगळ्या गिऱ्हाईकांना सांगितला. उपास इतका कडक की दुपारी दुकानात टांगलेलं ट्रॅक्टरचं टायर मला जिलबी दिसायला लागलं आणि मी त्याचा वास घेऊन पाहिला. पहाटे उठलो. दुकानातल्या बाकड्याशी गुडघे टेकले आणि म्हणालो, "प्रभू, वडीगोद्रीहून मी बोलतोय." पुढे काय बोलायचं ते आठवेना. चहा उकळण्याच्या आत माझी प्रार्थना संपायची. जगात मी बोलायला कुठेच कमी पडलो नव्हतो. एकदा एका आरटीओवाल्याशी इतकं बोललो की तोच म्हणाला, जाऊ द्या, मीच पावती फाडून घेतो. आणि इथे गुडघ्यावर बसलो की तोंडाला कुलूप. ती तासभर बोलायची, हसायची, मध्येच "हो ना" म्हणायची. तिथे तिला उत्तरं मिळतात की काय? मला तर साधा होकारही येत नव्हता. जळायला आता दोन जागा झाल्या. तिच्या मुठीतला तो पाचवा, आणि तिच्या तोंडातले ते शब्द.

अशातच भोकरदनहून फोन आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरले होते आणि माहेरी करणारं कुणी नव्हतं. बायकोनं पिशवी भरली आणि निघताना मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मूठ चुकवू नका. तुमच्या मायचा हात कापतो, अर्धं पीठ ओट्यावर सांडतं. तुम्हीच घाला."

"चारच ना?" मी साळसूदपणे म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पाच."

"पाचवी कुणाची?"

"नाव प्रभूला ठाऊक हाय. तुम्ही नुसतं म्हणा, पाचव्या मुठीवाल्याला सांभाळ. आन ती गच्च भरा."

"आन न्हाई घातली तर?"

"तर त्याचं काही खरं न्हाई," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि भोकरदनला जायला जालन्याची बस धरली.

आता बघा काय अन्याय! ज्याच्यावर मी जळतो त्याच्यासाठी पहाटे उठून, माझ्याच घरच्या पिठातून, माझ्याच हातानं गच्च मूठ काढायची आणि वर प्रार्थनाही करायची. वैऱ्यासाठी प्रार्थना करा असं शास्त्रात आहे, ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण तो वैरी पेटी वाजवतो आणि केस असलेला आहे, असं त्यात कुठे स्पष्ट केलेलं नाही.

तरी उठलो. आईला भाकरी लागतेच, आणि भाकरी आली की मूठ आली. माझ्या भाकऱ्या अशा व्हायच्या की एक मी एका ॲपेला स्टेपनी म्हणून दिली असती. पण मुठी काढल्या. आईची काढली, तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की तिच्या कापणाऱ्या हाताबद्दल मी प्रभूला कधी काही म्हटलेलंच नव्हतं. मुलाची काढली आणि त्याला रात्रपाळीत झोप येऊ नये, असं म्हणालो. मुलीची काढताना तिचा चेहरा समोर आला. सुई टोचायला भिणारी पोर नर्स व्हायला गेलीये. प्रत्येक मुठीला दोन दोन वाक्यं सुचत होती, मागावी लागत नव्हती. पीठ हातात असलं की जिभेला धरायला काहीतरी मिळतं. माझी मूठ, ती नसल्यामुळे आणि आपली आपण काढता येत नसल्यामुळे, आईनं खाटेवर बसून काढली. निम्मी सांडली. मला सांडलेल्याचंही वाईट वाटलं. बायकोची मूठ तिनं सांगितली नव्हती, आणि जळण्याच्या नादात माझ्याही ध्यानात आली नाही.

मग पाचवी.

"प्रभू," मी म्हणालो, "हा जो कोणी आहे, आणि कोण आहे ते आपल्या दोघांनाही बराबर ठाऊक आहे, त्याला सांभाळ. पण बेतानं सांभाळ. फार लाडावू नको." आणि मूठ अशी सैल सोडली की पिलू डब्यात जन्मण्याआधीच मोडलं.

रोज असंच. आईची, मुलाची, मुलीची मूठ लांबत चालली; पाचव्याची वेळ आली की माझ्या प्रार्थनेला करवतीचे दात फुटायचे. एका पहाटे तर तोंडातून गेलंच, "त्याची ती पेटी जरा बसू दे, प्रभू. लई झालं."

रविवार आला. पेटीवाल्यानं डोळे मिटले, मान टाकली, भाता ओढला, आणि पेटीतून सर्दी झालेल्या म्हशीसारखा आवाज निघाला. भात्याचं कातडं घडीवर फाटलं होतं. त्यानं पुन्हा ओढला. म्हैस पुन्हा हंबरली. पोरं फिदीफिदी हसली. मी मात्र बाकावर दगड झालो. माझी आयुष्यातली पहिली मंजूर झालेली प्रार्थना, आणि ती ही! आणि खोटं कशाला बोलू, वशिला लागल्यासारखंही वाटत होतं.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपले मागच्या बाकावरचे भाऊ पंक्चरचं काम करतात. ते बघतील का हे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. प्रभूला विनोद आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उपासना संपल्यावर पेटीवाला पेटी मोटरसायकलला बांधून दुकानात घेऊन आला. मी जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा कापला, कडा घासल्या, सोल्युशन लावलं. तो जुन्या टायरवर बसून बघत होता.

"भाऊ, ही पेटी माझ्या मायची," तो म्हणाला. "ती परतूरला चर्चमध्ये वाजवायची. गेली मागच्या साली. पेटी आन तिचा मुठीचा डबा, दोन्ही मी घेऊन आल्तो."

मी तुकड्यावर हातोडी ठोकत राहिलो.

"ती व्हती तवर मला माहीत व्हतं, पहाटं कुणीतरी आपलं नाव घेतंय. ती गेली आन रिकामं रिकामं वाटाया लागलं. म्हणलं, आता आपल्या नावाची मूठ कोण घालणार? मंग त्या दिवशी कंटेनर असा बाजूनं गेला... तवा वाटलं, न्हाई, कुणीतरी घालून राह्यलंय." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही तर न्हाई ना?"

हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली.

काय सांगणार? घालत तर होतो! त्याच्याच नावानं, रोज, नेमानं. कशी घालत होतो ते वेगळं. त्याचे डोळे असे झाले होते की नाही म्हणवेना आणि हो म्हणायला जीभ रेटेना. मी आपली मान गंभीर केली आणि म्हणालो, "मूठ बोलून दाखवायची नसते, सर."

त्यानं माझा काळा, सोल्युशननं चिकट झालेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काही अंशी सोल्युशनमुळेही असेल.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. माझ्या बायकोकडून रोज गच्च मूठ मिळतेय आणि याला ते माहीतच नाही! ठाऊक असतं तर निदान भांडता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची पाचवी मूठ घातली तेव्हा प्रार्थनेला दात फुटले नाहीत. "त्याची माय गेलीये, प्रभू," एवढंच म्हणालो. मूठ अजून सैलच होती. पण मोडली नाही.

बायको परत आली ती भाची बघून आनंदानं फुगलेली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं डब्याचं झाकण काढलं.

"पाचवी सैल हाय."

"माझा अंगठा दुखत व्हता." मी अंगठा दाखवला. मग राहवलं नाही. "आता सांग. ती पेटीवाल्या सरांची हाय ना?"

"सरांची?" तिचे डोळे मोठे झाले. "त्यांची कशाला?"

"त्या रविवारी रडत व्हतीस की तू! त्यांच्या साक्षीला!"

"आवो, माय न्हाई त्या माणसाला. रडू न्हाई येणार?"

"मंग पाचवी कुणाची? बोलून दाखवायचं नसतं हे मला सांगू नको. मी माझ्या हातानं घातली हाय रोज."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "हां, ते बराबर हाय. ज्यानं घातली त्याला इचारायचा हक हाय." मग म्हणाली, "तुमचीच हाय."

"माझी चौथी."

"चौथी तुमची. पाचवी त्याची. तो ट्रक पेलणाऱ्याची."

"कोण ट्रक पेलणारा?"

"उसाचा ट्रक. खांद्यावर. इहिरीतून म्हैस काढली तोच. चाकूवाल्यांना नाचवलं तोच." तिचं तोंड गंभीर होतं, पण पदर तोंडाकडे निघाला होता. "तुम्ही आपले दुकानात बसून पंक्चर काढता. तुमाला काय व्हायचंय? साधी मूठ पुरते. तो बिचारा रोज कुठं ना कुठं मरायला जातो. कधी ट्रकखाली, कधी इहिरीत. मला लई काळजी वाटती त्याची. त्याला गच्च नको?"

"पण तो तर..." तो तर काय, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"आन पहाटं हसतेस ते?"

"प्रभूला सांगावं तर लागतं ना, कालच्याला त्यानं काय केलं ते! सांगता सांगता हसू येतं. जेवताना हसले तर तुम्ही आणखी वाढवता आन भाकरी गार व्हती. म्हणून पहाटंवर ठेवते." मग पदर खाली आला. "मी म्हणते, प्रभू, ह्याला जप. ह्याला काही झालं तर आमच्या घरात जेवताना कुणी बोलायचं न्हाई."

खाटेवर आईला पुन्हा थंडी वाजायला लागली.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पेटीवाला सुटला, पाळकसाहेब सुटले, प्रभूसुद्धा सुटला. माझ्या गोष्टी तिनं एकेक ऐकल्या होत्या, साठवल्या होत्या आणि पहाटे उकरून काढून वर पोचवल्या होत्या. पण मला झोप लागली नाही. तिची सगळी काळजी, ते गच्च पीठ, ते लग्नाच्या पहिल्या वर्षाचं हसू, सगळं त्या गड्याचं! ज्याला मी जन्माला घातला, ज्याला माझ्याच खर्चानं पोसला, तो माझ्याच घरात माझ्याहून मोठी मूठ खातो. आणि मी, जो खराखुरा तिच्या शेजारी घोरतो, त्याला कुपोषित पिलू!

मी त्याला उपाशी मारायचं ठरवलं. पुढच्या संध्याकाळी जेवताना फक्त खरं बोललो. "आज एक सायकल आली. मागच्या चाकाला काटा व्हता. काढला." दुसऱ्या दिवशी, "आज एक ट्रॉली आली. हवा भरली." बायको "हूं" म्हणाली. मिरच्यांची देठंसुद्धा खुडून संपली. पहाटे डब्यात पाहिलं तर पाचवी मूठ माझ्याएवढीच झाली होती. जिंकलो! पण पडद्याआड हसण्याचा आवाज नव्हता. माझी मूठ मात्र होती तेवढीच राहिली. त्याचं कमी झालेलं मला मिळेल, हा हिशेबच चुकला होता. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "घरात मयत झाल्यागत काय जेवतो रे? कुणाला तरी वाघाच्या तोंडातून तरी काढ!"

काढला. कसा काढला ते ऐकायला तुम्हाला आमच्या घरी जेवायला यावं लागेल. एवढंच सांगतो, वाघ आधीच पंक्चर होता.

दुसऱ्या दिवशी कोंबड्याच्या आधी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या पोत्यावर, तिच्या शेजारी गुडघे टेकले. ती दचकली नाही, जरा सरकली. तिची प्रार्थना लांब. माझी अजून आखूडच, पण आता तिच्या हातात पीठ असतं. आईची, मुलाची, मुलीची मूठ ती काढते. माझीही तीच, आणि तिची आता मी. पेटीवाल्या सरांची मूठ मी काढतो. त्या दिवशी दुकानात तोंडातून जे निघालं त्यानं मला कायमचं बांधून घेतलंय, आणि त्याचे केस अजून तसेच असले तरी मी ती नीट भरतो.

आणि त्या ट्रक पेलणाऱ्याचीही आता मीच काढतो. तिच्याकडून ते काम मुद्दाम मागून घेतलं. माझ्या हातात असली म्हणजे किती भरायची ते मी ठरवतो. "प्रभू, ह्याला सांभाळ," मी म्हणतो, "पण मला आधी." आणि मूठ बेताची, जरा सैल, डब्यात ठेवतो.

मग मी दुकान उघडायला जातो. अर्ध्या वाटेवर कधी कधी किल्ली विसरल्याचं निमित्त करून परत येतो आणि डब्याचं झाकण उचलून पाहतो. माझ्या सैल मुठीवर आणखी पीठ दाबून बसवलेलं असतं, आणि वर तिची चार बोटं उमटलेली असतात.